मधेच उतरलेला ताप

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही अंबरनाथला राहायचो. मी बदलापूरच्या पोस्टात नोकरीला, नवरा कारखान्यात. आमच्या दीड वर्षाच्या मुलीला दिवसभर सासूबाई सांभाळायच्या.

मुलीला ताप आला. दोन दिवस मी पट्ट्या ठेवल्या, तापाचं नेहमीचं औषध दिलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि मी निर्धास्तपणे कामावर गेले. पाचव्या दिवशी सकाळी तिला उलट्या झाल्या, अंग तापलं आणि ती अशी मलूल पडली की हाक मारली तरी डोळे उघडेना. आम्ही तिघं तिला रिक्षात घालून उल्हासनगरच्या इस्पितळात घेऊन गेलो.

कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मुलीची मान वाकवून बघितली आणि मला विचारलं, "आधी काय दिलंत?"

"तापाचं औषध. बस."

"अँटिबायोटिक?"

"नाही."

"नीट आठवा. मेंदूज्वर आहे का, ते बघायला पाठीतलं पाणी काढावं लागेल. आधी अर्धवट अँटिबायोटिक गेलं असेल, तर तपासणीत जंतू सापडत नाहीत आणि आम्ही फसतो."

मी पुन्हा नाही म्हटलं, पण माझी नजर सासूबाईंकडे गेली. गुडघ्यांसाठी त्या नाक्यावरच्या एका डॉक्टरकडून कागदाच्या पुड्या आणायच्या. त्यात काय असतं, हे त्यांनाही ठाऊक नसायचं. मधेच उतरलेला तो ताप मला आता एकदम खटकला.

"आई, तुम्ही हिला पुडी दिलीत?"

"मी? नाही गं, शपथ."

"मग ताप उतरला कसा? डॉक्टरांसमोर तरी खरं बोला!"

माझा आवाज चढला. बाकावरच्या बायका वळून बघायला लागल्या. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला.

"कोणी दिलं, ते मला नकोय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काय दिलं, तेवढं सांगा."

तेव्हा मागे उभा असलेला नवरा पुढे आला. "मी दिलं."

कामावरून येताना त्याने मेडिकलवाल्याला ताप सांगून चिठ्ठीशिवाय एक गुलाबी औषध आणलं होतं. मी स्वयंपाकात असताना तीनदा पाजलं आणि ताप उतरल्यावर बंद केलं. "तू ओरडशील म्हणून बोललो नाही," तो म्हणाला. तो तसाच घरी जाऊन बाटली घेऊन आला. डॉक्टरीणबाईंनी नाव वाचलं, "अँटिबायोटिकच आहे," म्हणाल्या आणि केसपेपरवर लिहिलं.

पाठीतलं पाणी तपासलं, तर जंतू सापडले नाहीत. "या रिपोर्टवर माझा भरवसा नाही," त्या म्हणाल्या आणि मेंदूज्वर धरूनच इंजेक्शनं पूर्ण दहा दिवस चालू ठेवली. चौथ्या दिवशी मुलगी खाटेवर उभी राहून बिस्किट मागायला लागली. तो मेंदूज्वर होता की नाही, हे कोणालाच ठामपणे सांगता आलं नाही.

घरी आल्यावर मी सासूबाईंची माफी मागितली.

"विचारलंस ते बरोबरच होतं," त्या म्हणाल्या. "पण तुझं आधीच ठरलं होतं."

त्यानंतर कित्येक महिने, साधी घुटी उगाळली तरी त्या आधी सहाण माझ्यासमोर धरायच्या. "बघून घे," म्हणायच्या. मी बघू लागले की दुसरीकडे तोंड करायच्या.