धुमाळची चिठ्ठी

आमची पोस्ट उंचावर होती. खाली ढग, वर बर्फ आणि मध्ये आम्ही अकरा जण. ख्रिस्ती मी एकटा.

नाताळच्या सकाळी सहाला सुभेदारसाहेबांनी फॉल-इन केलं. "आज साळवेचा सण. सगळे बसणार." बंकरमध्ये मेणबत्ती लावली. मी गीत म्हणू लागलो. शेजारी नाईक तानाजी धुमाळ, कात्रजच्या शेतकऱ्याचा मुलगा. शब्द येत नव्हते, तरी पठ्ठ्या एक ओळ मागे राहून भसाड्या आवाजात गात होता.

"गप रे, देव पळून जाईल," मी कुजबुजलो.

"पळू दे की. एकटाच गाणार हायस व्हय?"

तीन दिवसांनी गस्तीची तुकडी निघाली. १४२० वाजता रेडिओवर आवाज आला, "एक जवान बर्फाखाली. नाईक धुमाळ. ओव्हर." संध्याकाळी तो सापडला. श्वास नव्हता.

निवृत्त होऊन आता मी पुण्यात कर्वेनगरला राहतो. रविवारी चर्चच्या दाराशी उभं राहणं ही माझी ड्यूटी. नोव्हेंबर आमच्याकडे मृतांचा महिना. लोक आपल्या गेलेल्या माणसांची नावं चिठ्ठीवर लिहून आणतात. मी त्या चिठ्ठ्या पेटीत टाकतो, मिस्सात, म्हणजे रविवारच्या उपासनेत, फादर नावं वाचतात.

मागच्या नोव्हेंबरात गौरी आली. तृतीयपंथी, चौकातल्या सिग्नलवर दिसते ती. इस्त्रीची हिरवी साडी, हातात चिठ्ठी.

"साहेब, मैत्रीण गेली माझी, रेश्मा. तिला धड माती द्यायलाही कुणी आलं नाही. निदान नाव तरी वाचतील ना?"

आतल्या दोन-चार माना वळल्या. मी म्हणालो, "अहो, आपण बाहेर ओट्यावर बसा. तिथे सगळं ऐकू येतं."

"बसते. बाहेरून ऐकायची सवय आहे."

चिठ्ठी मी घेतली, पण पेटीत न टाकता खिशात ठेवली. सांगायला लाज वाटते.

गीत सुरू झालं. पंखा संथ फिरत होता. वेदीमागचा पांढरा पडदा वाऱ्याने फुगत होता आणि बघता बघता मला तिथे बर्फच दिसू लागला. तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला. भसाडा, एक ओळ मागे. अंगावर सर्रकन काटा आला. वाटलं, बाहेर धुमाळच उभा आहे, कुणी आत घेतंय का बघत.

मी बाहेर गेलो. "आत चला."

"लोक उठून जातील, साहेब."

"जाऊ देत. आपल्याला ऐसपैस बसता येईल."

तिला माझ्याच बाकावर नेलं. शेजारचं एक कुटुंब उठून मागे गेलं. माझी बायको सुलोचना सरकली, पर्स मांडीवर घेतली आणि गीतपुस्तक दोघींच्या मध्ये धरलं.

रेश्माची चिठ्ठी मी पेटीत टाकली. मग पेन काढलं. इतकी वर्षं दर नोव्हेंबरात आईवडिलांची नावं लिहिली, धुमाळचं एकदाही नाही. तो ख्रिस्ती कुठे होता, असं मनात होतं. माझ्या सणाला जो गायला, त्याला मीच दाराबाहेर ठेवलं होतं.

फादर वाचू लागले. "रेश्मा." गौरीने डोळ्यांना पदर लावला.

"नाईक तानाजी धुमाळ, कात्रज."

मी सावधानमध्ये उभा राहिलो. सगळं चर्च म्हणालं, "प्रभो, आमची प्रार्थना ऐक."

गौरीही म्हणाली, सगळ्यांच्या थोडी मागून.