लायसन आबांचं, बार पोराचा

उसाच्या कडेला झालेला तो बार मी आजही विसरलेलो नाही. लासलगावच्या बाजूच्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना खबऱ्याचा फोन आला. "साहेब, मळ्यात एक जण गेलाय. बिबट्यानं मारला म्हणत्यात, पण बार आम्ही ऐकलाय."

पंचनाम्यात अंगावर छर्ऱ्यांच्या जखमा दिसल्या आणि बिबट्याचा विषय संपला. मेलेला माणूस तिशीतला शेतकरी. दवात भिजू नये म्हणून डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन तो उसाकडेचं गवत कापत बसला होता.

दुपारी शेजारच्या मळ्यातले सत्तरीचे आबा स्वतःच बंदूक घेऊन ठाण्यात हजर झाले. मागे त्यांचा मुलगा. बंदूक पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची. आबा म्हणाले, "लायसन माझ्या नावचं, बंदूक माझी. मंग गुन्हा बी माझाच. लिहा."

इतक्या आयत्या कबुलीवर पोलिसाने विश्वास ठेवू नये. माणूस आधी कारणं सांगतो, मग गुन्हा. आबांनी उलटं केलं होतं. निवडणुकीत जमा झालेली आणि मालकाने अजून न नेलेली तशीच एक बंदूक ठाण्यात होती. ती रिकामी असल्याची खात्री करून मी आबांच्या हातात दिली.

"काडतूस कसं भरता, दाखवा."

आबा ती नुसती उलटीपालटी करत राहिले. कुठून उघडते हेच त्यांना सापडेना. "दसऱ्याला हळदकुंकू वाहतो साहेब हिला," एवढंच पुटपुटले.

"आबा, राहू द्या आता," मुलगा म्हणाला आणि त्यांच्या हातातली बंदूक काढून टेबलावर ठेवली. "खोळ हालताना दिसली, साहेब. बिबट्याच वाटला. परवाच आमची शेळी नेली त्यानं. जवळ गेलो तं..." तो आणि मेलेला शेतकरी लहानपणापासून एकत्र वाढलेले, बांधाला बांध. बंदूक मुलाच्या हाती दिली म्हणून आबांवरही गुन्हा दाखल करावा लागला.

माझा भाचा अमेरिकेत असतो. तिथे बंदूक बाळगणं हा राज्यघटनेने दिलेला हक्क आहे आणि तो तसाच राहिला पाहिजे, असं तो मला फोनवर पटवत असतो. आपल्याकडे हक्क नाही, नुसता परवाना आहे, आणि तेच बरं, असं माझं मत. पण परवान्यावर नाव एकाचं आणि बंदुकीला हात सगळ्यांचे, हे आपल्या खेड्यांत सर्रास चालतं. ट्रॅक्टरसारखी बंदूकही घरची समजतात.

काही महिन्यांनी बंदुकीच्या परवान्याचा एक अर्ज चौकशीसाठी माझ्याकडे आला. अर्जदार होती त्या मेलेल्या शेतकऱ्याची बायको. मी तिला बोलावून घेतलं.

"ताई, तुम्ही बंदूक मागता?"

"मालक बंदुकीनंच गेले, मला ठाऊक हाय. पण बिबट्या अजून उसातच हाय, आन् मी दोन पोरी घेऊन मळ्यातच ऱ्हाते."

अहवाल प्रतिकूल जाईल, हे मी तिला तोंडावर सांगितलं. ती चिडली नाही. "बरं," म्हणाली. "मंग राखायला कोन येनार, तेवढं सांगा."

अहवाल बरोबर होता, असं मी आजही म्हणेन. पण ज्याने नाही म्हटलं, त्यानेच मग राखायचं असतं, हे मला तिच्यासमोर कळलं आणि फार वाईट वाटलं. पिंजऱ्यासाठी मी वनखात्याला पत्र लिहिलं, आठवणही करून दिली. पिंजरा आला तोवर ती मळा वाट्याने देऊन पोरींसह माहेरी निघून गेली होती.