मोटारखान्याचं सागवानी दार

लग्न होऊन मी नाशकात आले तेव्हा आमच्या घराला मोटारखाना नव्हता, घोड्याची पागा होती. सासरे मामलेदारीतून निवृत्त झालेले, त्यांचा टांगा तिथे असे. पुढे यजमानांची डॉक्टरकी जमली, खेड्यापाड्यांतून बोलावणी येऊ लागली. तीस साल उलटून दोन-चार वर्षं झाली असतील, तेव्हा त्यांनी मुंबईहून एक जुनी मोटार आणली. घोडा विकला. मोटार आत जाईना म्हणून पागेचं तोंड रुंद करावं लागलं, आणि ते काम नेहमीच्या मिस्त्रींकडे गेलं.

मिस्त्री मुसलमान. जुन्या नाशकात गंगेकडे, म्हणजे गोदावरीकडे, उतरणाऱ्या एका बोळात त्यांचं घर आणि घराखालीच कारखाना. धाकटा भाऊ त्यांच्या हाताखाली काम करी. आमच्या घरातला झोपाळा, कपाटं, इतकंच काय देव्हाराही त्यांनीच केलेला. मोटारखान्याच्या दारासाठी त्यांनी स्वतः हरसूलकडे जाऊन साग निवडून आणला. माणसाच्या दीडपट उंचीचं, दोन झडपांचं दार. बसवून झालं तेव्हा मला बोलावून म्हणाले, “सूनबाई, एका बोटाने लोटून बघा.” मी लोटलं. एवढी जड झडप, पण जराही आवाज न करता फिरली. मिस्त्री हसले नाहीत, नुसती मान हलवली आणि हत्यारं आवरायला लागले.

मोटार आल्यापासून यजमान मला पहाटे गंगापूर रस्त्यावर नेऊन चालवायला शिकवत होते. मामंजींना हे ठाऊक नव्हतं. त्यांना आवडणार नाही असं आम्ही धरून चाललो होतो. विचारलं मात्र कधीच नव्हतं.

एकदा यजमान दोन दिवसांसाठी मुंबईला गेले. मामंजी संध्याकाळचे नेहमीप्रमाणे घाटावर जाऊन बसले. घरात मी एकटी. शेजारी कोणी बसलेलं नसताना एकदा तरी मोटार चालवून पाहावी, असं फार दिवसांपासून मनात होतं. मी ती बाहेर काढली, रस्त्याच्या वळणापर्यंत नेली, परत आणली. इतका आनंद झाला होता की मोठ्याने हसत होते. आत घेताना मात्र ती मागे मागे न्यायची होती. दार उघडल्यावर झडपेला दगड लावायचा असतो, तो मी लावला नव्हता. वाऱ्याने डावी झडप अर्धी मिटत आली होती आणि मी मान वळवून दुसऱ्याच बाजूला बघत होते.

आवाज मोठा झाला नाही. उतरून पाहिलं तर वरची बिजागरी खांबातून उपटून आली होती आणि खांबाला वीतभर चीर गेली होती. मी झडप खांद्याने रेटून जागेवर आणली. स्क्रू बोटांनीच भोकांत बसवले, फटीत लाकडाची एक ढलपी ठोकली. झडपेवर मोटारीच्या काळ्या रंगाचा ओरखडा उठला होता, तो रॉकेलच्या बोळ्याने पुसला. मोटारीच्या मागच्या मडगार्डला आधीच इतके पोचे होते की त्यात एक वाढला हे कोणाला कळलं नसतं. लांबून पाहिलं तर दार पहिल्यासारखं दिसत होतं.

यजमान आले की त्यांना सांगायचं, असं मी ठरवलं होतं. ते सकाळच्या गाडीने आले, पण एका रोग्याकडचा माणूस आधीपासून ओट्यावर बसून होता. त्यांनी घाईघाईने अंघोळ केली, बॅग घेतली आणि थेट मोटारखान्याकडे निघाले. मी स्वयंपाकघरात होते. पावलं ऐकली. तव्यावर पोळी होती, ती उतरवून जाऊ म्हणून थांबले.

झडप त्यांच्या अंगावर आली. ते शेवटच्या क्षणी वळले म्हणून डोकं वाचलं. डाव्या हासळीचं हाड मोडलं. शेजारपाजारचे जमले, जो तो म्हणत होता, “थोडक्यात निभावलं.” मी पाणी आणत होते, उशी देत होते. ती पोळी तव्यावर जळून कोळसा झाली होती.

त्याच दिवशी मामंजींनी मिस्त्रींना बोलावून घेतलं. ते आले आणि आधी यजमानांजवळ गेले, गळ्यात बांधलेला हात पाहिला. मग दाराजवळ उकिडवे बसले. चिरेवरून बोट फिरवलं, झडपेच्या कडेवर नखाने काहीतरी खरवडलं.

“रावसाहेब, लाकूड खराब नाही,” ते म्हणाले. “याला मार बसलाय.”

“कशाचा मार?”

“गाडीचा असावा.”

मामंजींनी मुलाकडे वळून विचारलं, “तुझ्याकडून लागली का गाडी?”

“नाही. एकदाही नाही,” यजमान म्हणाले. आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाचे कप घेऊन उभी होते. मी खाली मान घालून कप एकेक करून मांडत राहिले. त्यांनीही नजर काढून घेतली.

“या घरात मोटार चालवणारा एक माणूस,” मामंजी म्हणाले, “आणि तो नाही म्हणतो. आता बोला मिस्त्री.”

मिस्त्री म्हणाले, “असं आहे तर माझ्याच कामात काही राहिलं असेल. मला दोन दिवस द्या. खांब नवा घालतो, चारही बिजागऱ्या बदलतो. झडपा शाबूत आहेत, त्यांना हात लावायची गरज नाही. मजुरी मला नको.”

“विचार करून सांगतो,” मामंजी म्हणाले. मिस्त्री चहाला न थांबता गेले.

मामंजी खरोखरच विचार करणारे होते. रागाच्या भरात त्यांनी काही केलं नाही. शेजारचे ओव्हरसियर म्हणाले, आता लाकडाचे दिवस गेले, लोखंडी पत्र्याची दारं घाला, रुळावर सरकणारी, अंगावर पडायची भीतीच नाही. यजमान म्हणाले, दुरुस्त करावं, दार चांगलं आहे. मामंजींचा स्वतःचा कलही दुरुस्तीकडेच होता. वीस वर्षांची ओळख त्यांना एका झडपेपायी मोडवत नव्हती. चौथ्या दिवशी मी त्यांना पान द्यायला गेले तेव्हा ते म्हणाले, “बस. तुला विचारायचं आहे.”

घरातल्या अशा गोष्टीत त्यांनी मला तोवर कधी विचारलं नव्हतं.

“त्या दारातून रोज तुझ्या नवऱ्याला जायचंय. माझं मन मिस्त्रींकडे ओढ घेतं, म्हणून मी स्वतःवर विसंबत नाही. तू सांग. दुरुस्त करू की बदलू?”

खरं सांगायला याहून चांगली वेळ मला मिळाली नसती. पण माझ्या डोळ्यांपुढे एवढंच आलं, की मिस्त्री दोन दिवस त्या दाराशी काम करणार, खांब उतरवणार, माझी ढलपी काढणार, बोटांनी बसवलेले स्क्रू पाहणार.

“बदलावं,” मी म्हणाले. “मला भीती वाटते.”

“ठीक आहे,” मामंजी म्हणाले. तोच निर्णय झाला.

पंधरा दिवसांत लोखंडी दार बसलं. मिस्त्रींना पुन्हा निरोप गेला नाही. आमच्या घरी दार पडून डॉक्टर जायबंदी झाले ही बातमी वस्तीत सगळीकडे गेली, आणि ते दार कोणी केलं होतं हेही गेलं. ओव्हरसियरांनी मुलीच्या लग्नाचं सामान दुसरीकडे सांगितलं. आणखी दोन घरांनी तेच केलं.

इकडे यजमानांचा हात बांधलेला आणि रोगी तर थांबत नव्हते. एके दिवशी त्यांनीच मामंजींना सांगून टाकलं, “ही चालवते मोटार. मी शिकवलीय.” मला वाटलं आता सगळं उघडं पडणार. मामंजींनी माझ्याकडे नवलाने पाहिलं आणि म्हणाले, “मग चालव की. अडलंय कशाला?” दोन्ही गोष्टींचा मेळ त्यांनी घातला नाही. माझ्यावर त्यांचा विश्वासच तसा होता. दीड महिना मी यजमानांना घेऊन फिरले, पार पिंपळगाव बसवंतपर्यंत. बाया ओट्यावर येऊन बघायच्या, कौतुक करायच्या. मला जे हवं होतं ते सगळं मला मिळालं, आणि ते कशामुळे मिळालं हे मला प्रत्येक वळणावर ठाऊक होतं.

थंडी आली. जुन्या झडपा परसात पडून होत्या, त्या फोडून बंबाला घालायच्या ठरल्या. अंघोळीचं पाणी तापवायचं काम माझं. तो साग पेटायला वेळ घेई आणि मग खूप वेळ धगधगत राही. सबंध हिवाळा मी तो रोज सकाळी माझ्या हाताने बंबात घातला.

शेवटचा तुकडा संपला त्या आठवड्यात मी यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, “मला त्याच दिवशी वाटलं होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू बोलशील म्हणून थांबलो. नंतर ते राहूनच गेलं.” मग म्हणाले, “आता कशाला उकरायचं?”

मी दुसऱ्या दिवशी एकटीच मिस्त्रींच्या बोळात गेले. कारखान्यात ते एकटेच होते, एका खाटेचे पाय रंधत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी रंधा बाजूला ठेवला.

“गाडीचा रंग नखाला लागला होता माझ्या,” ते म्हणाले. “कोणाचा हात ते नव्हतं माहीत. डॉक्टरसाहेब खोटं बोलणारे नाहीत. म्हटलं, घरातली गोष्ट आहे, आपण कोण बोलणार?”

“माझी चूक झाली, मिस्त्री.”

“सूनबाई, मला सांगून काय उपयोग? मला तर ठाऊकच होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा.” मग त्यांनी विचारलं, “झडपा कुठायत?”

“बंबात घातल्या.”

इतका वेळ त्यांचा आवाज शांत होता. ते ऐकल्यावर मात्र त्यांनी तोंड फिरवलं आणि रंधा उचलला. मी निघाले.

घरी येऊन मी डोक्यावरचा पदरही सावरला नाही, तशीच मामंजींच्या समोर जाऊन सांगितलं. ते ऐकत राहिले. रागावले नाहीत. शेवटी एवढंच म्हणाले, “मी तुला विचारलं होतं ना.”

दुसऱ्या सकाळी ते पगडी घालून पायी मिस्त्रींकडे गेले. तिथे काय बोलणं झालं मला माहीत नाही. नंतर ते ओव्हरसियरांकडे गेले, त्या दोन घरी गेले आणि आपल्या घरातली चूक स्वतःच्या तोंडाने सांगून आले. माझं नाव त्यांनी घेतलं नाही, ‘आमच्याकडून’ असं म्हणाले. एका घराने ऐकलं. बाकीच्यांना नव्या सुताराची सवय झाली होती.

आठ दिवसांनी मिस्त्री आले. मामंजी म्हणाले, “हे पत्र्याचं काढून टाका. पुन्हा सागाचं करा.” मिस्त्रींनी लोखंडी दार सरकवून पाहिलं, रुळात बोट घालून पाहिलं. “नाही रावसाहेब,” ते म्हणाले. “काम चांगलं केलंय. चांगलं दार कशाला काढायचं?” ते दार तसंच राहिलं.

पुढे बाळंतपणानंतर पाळण्याचं सांगायला मी त्यांच्या घरी गेले होते. ते बाहेर गेले होते. त्यांच्या बायकोने मला बसवलं, हातावर बोरं ठेवली. मी सहज विचारलं, धाकटे भाऊ दिसत नाहीत?

“ते मुंबईला. त्या साली काम नव्हतं ना, तेव्हा गेले. आता तिकडेच बिऱ्हाड केलंय.” ती तक्रार करत नव्हती, तिला काही ठाऊक असावंसंही वाटलं नाही. “आधी दोघं भाऊ एका ताटात जेवायचे,” ती म्हणाली. “आता हे एकटे बसतात, तर भाजीला चव नाही म्हणतात.”

बोरं माझ्या मुठीत तशीच राहिली. तिने दोनदा सांगितलं तेव्हा मी एक तोंडात टाकलं.