गणपतीची भरपगारी सुट्टी

मुंबईच्या कचेरीतून पत्र आलं की आमचे साहेब आधी चहा मागवायचे, मग पाकीट फोडायचे. "रिकाम्या पोटी मुंबई झेपत नाही हो," म्हणायचे.

रत्नागिरीच्या एमआयडीसीतला आमचा काजूचा कारखाना. साहेब मॅनेजर, मी हजेरी मांडणारा. सोलायला आणि निवडायला ऐंशीएक बायका, भट्टीवर आणि पॅकिंगला पुरुष. बरेचसे आसपासच्या वाड्यांतले, काही पार देवरूखकडचे.

साल दोन हजार एक असेल. मुंबईने कळवलं की दिवाळीचा माल वेळेत निघायला हवा, तेव्हा गणपतीत जो कामावर येईल त्याला दुप्पट पगार आणि वर बक्षीस. साहेब एवढे हसले की बशीत चहा सांडला. "अहो, कोकणातल्या माणसाला गणपतीत बोलावतायत! वर लालूच दाखवतायत!"

तुम्ही कोकणातले असाल तर तुम्हीही हसला असाल.

मग त्यांनी मला उत्तर सांगितलं आणि माझं हसू पळालं. 'बक्षीस नको. त्याच पैशांत सर्वांना पाच दिवस भरपगारी सुट्टी द्यावी. माल चतुर्थीआधी निघेल. न निघाल्यास सोबतचा माझा राजीनामा स्वीकारावा.'

"साहेब, मुलीचं लग्न ठरलंय तुमच्या!"

"म्हणून काय झालं? टाइप करा."

आठ दिवसांनी मुंबईने होकार कळवला. राजीनामा मात्र परत पाठवला नाही, ठेवून घेतला. लबाड लेकाचे!

साहेबांनी सगळ्यांना जमवून सुट्टीचं सांगितलं, पण राजीनाम्याचा शब्दही काढला नाही. तो मी काढला. माझ्या पोटात काही राहत नाही, काय करू? निवडणाऱ्या बायकांतली सगळ्यात जुनी काकी पदर खोचून उभी राहिली. "सायबांची नोकरी जाते म्हंजे काय? आमी मेलो काय?"

त्यानंतर जे काम झालं ते मी पुन्हा पाहिलं नाही. बायका तासभर आधी यायच्या. रविवारही कोणी सोडला नाही. अन् एवढ्या घाईत अख्ख्या काजूचा तुकडा होऊ दिला नाही. चतुर्थीच्या दोन दिवस आधी ट्रक गेटबाहेर पडला तेव्हा मीसुद्धा टाळ्या पिटल्या.

साहेब म्हणाले, "उद्यापासून सगळ्यांना सुट्टी."

मागून वॉचमन हळूच म्हणाला, "साहेब, मला कशी मिळणार? गेट कोण सांभाळणार?"

साहेबांनी चष्मा पुसला. "सगळ्यांना म्हटलं ना? तुम्ही घरी जा. मी बघतो."

कोणीतरी बदली माणूस ठेवला असेल, असं मी धरून चाललो. तिसऱ्या दिवशी दुपारी नातेवाइकांना गणपतीपुळ्याला सोडून परत येताना सहज कारखान्यावरून गेलो. गेटवर, स्टुलावर, डोक्याला वॉचमनची टोपी घालून साहेब बसले होते. मांडीवर डबा उघडा.

"अहो, हे काय! घरचा गणपती?"

"मुलीने बसवलाय. आरती माझ्यापेक्षा खणखणीत म्हणते. यंदा शेवटचंच वर्ष तिचं आमच्याकडे."

मला रागच आला. "मग तुम्ही इथे काय करताय? मला का नाही सांगितलंत?"

"तुमची सुट्टी आहे. मोदक घ्या आणि निघा."

साहेब जाऊन आता बरीच वर्षं झाली. गणपतीची सुट्टी कारखान्यात अजून आहे. नव्या पोरी ती हक्काची समजतात, आणि तसंच असायला हवं.

त्या वर्षी सुट्टीनंतर मी हजेरीबुक उघडलं. सगळ्यांच्या नावापुढे भरपगारी रजा लिहिली, वॉचमनच्याही. साहेब मागे येऊन उभे राहिले. "माझीही रजाच लिहा. उगाच मुंबईला कळायला नको."

"बरं," म्हटलं. ते केबिनमध्ये गेल्यावर त्यांच्या नावापुढच्या पाचही चौकटींत मी ठळक अक्षरांत 'हजर' लिहिलं.