तीन बीप

भांडुपच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानातला कॉम्प्युटर महिन्यातून एकदा तरी अडून बसतो. सुरू होत नाही, नुसता बीप-बीप करतो. मग रिपेअरवाले काका येतात. चहा नको, गप्पा नकोत. बटण दाबून डोळे मिटतात आणि बीप मोजतात. "तीन. रॅम." रॅमची पट्टी काढून शाळेच्या खोडरबरने पुसतात, परत बसवतात. जाताना ठरलेलं वाक्य, "फेकून दे गं हा डबा."

काल बटण दाबून त्यांनी डोळे मिटले. तीन बीप शेजारच्या वाण्यालाही ऐकू गेले असतील.

"आवाजच नाही गं. मदरबोर्ड गेला वाटतं."

मी पुन्हा बटण दाबलं आणि प्रत्येक बीपबरोबर मोठ्याने मोजलं, "एक, दोन, तीन."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग खिशातून खोडरबर काढला. जाताना डबा फेकून दे म्हणाले नाहीत.