विहारातल्या खुर्च्या

आषाढ पौर्णिमा महिन्यावर आली होती आणि मला मांडी घालता येत नव्हती. कुणाला हसू येईल, पण आमच्या सणसरच्या बुद्ध विहारात आषाढ पौर्णिमेपासून वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी धम्माचा ग्रंथ वाचायचा असतो आणि गेली बारा वर्षं तो मी वाचते. शाळेतून रिटायर झाल्यावर माझं म्हणावं असं तेवढंच काम उरलं होतं. आता तेही जातंय की काय, म्हणून जीव टांगणीला लागला.

दुखणं तसं दिवाळीपासूनचं. सकाळी उठलं की गुडघे पंधरा-वीस मिनिटं आखडलेले, जिना उतरताना कळ, बसता-उठता कटकट आवाज. मी आपल्या हुशारीनं ठरवलं, झिजतायत ना, मग वापरायचेच नाहीत! चालणं बंद, दळण आणणं बंद, दिवसभर पलंगावर. आमचे हे म्हणायचे, "आगं, दवाखान्यात तरी चल." मी म्हणायची, "तुमी गप बसा." तसं करता करता वजन वाढलं आणि एसटीची पहिली पायरी चढायलाही कुणाचा तरी हात लागायला लागला.

शेवटी बारामतीला गेलो. डॉक्टरीणबाई माझ्या विद्यार्थिनींच्या वयाच्या. एक्स-रे दाखवत म्हणाल्या, "सांध्यातली गादी झिजलीय, मावशी. ती भरून येत नाही. पण मांडीचे स्नायू बळकट असले, की गुडघ्यावरचा भार ते उचलतात. आराम करून करून तुम्ही तेच दुबळे केलेत." मला असा राग आला! पण पोरगी खरं बोलत होती.

मग लागले कामाला. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायची. पाय सरळ उचलून दहापर्यंत आकडे म्हणायचे. सकाळी सपाट रस्त्यानं थोडं थोडं चालायचं, काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात. भात निम्म्यावर आणला, घरात कमोड बसवला. तीन आठवड्यांनी कळ गेली नव्हती, पण एसटीत माझी मी चढले. केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

"आता मांडी घालू?" पुन्हा बारामतीला गेले तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"मांडी नको, उकिडवंही नको. खुर्चीत बसून वाचा की. कुणी नाही म्हणतंय का?"

मीच म्हणत होते. विहार बांधला तेव्हा कुणीतरी सहा खुर्च्या दान दिल्या होत्या. मी कमिटीत होते. उभी राहून म्हणाले, "आपल्या आज्या-पणज्या लोकांच्या दारात खाली बसल्या. आपल्या विहारात कुणी वर, कुणी खाली, हे चालायचं न्हाय. सगळे एका सतरंजीवर." टाळ्या पडल्या. खुर्च्या मागच्या खोलीत गेल्या.

सहा वर्षांमागं आमच्या गल्लीतल्या आत्यांनी भिंतीकडेला एक खुर्ची मागितली होती. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "आत्या, समता म्हंजे समता." तेव्हापासून त्या येईनाशा झाल्या. संध्याकाळचं दिसत नाही, असं सांगायच्या. मला ते खरं वाटलं. बारामतीहून परतताना एसटीत बसल्या बसल्या हे सगळं आठवलं आणि लाज लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी काठी टेकत त्यांच्या घरी गेले. त्या पलंगावर शेंगा फोडत बसल्या होत्या.

"आत्या, माझं चुकलं," म्हणाले आणि सगळं सांगून टाकलं.

त्यांनी माझ्या काठीकडं बघितलं. "लई दुखतं का गं?"

"लई."

"मला बी लई दुखायचं. पर तू पडलीस शाळेतली बाई. तुला कोण सांगणार?"

"पौर्णिमेला चला. दोन खुर्च्या टाकू. तुमी बसला न्हाय, तर मी बी बसणार न्हाय. मग वाचन ऱ्हायलं तरी चालंल."

आत्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. "सा वर्सं गेली की गं माझी."

मी आपलं समजूत काढायला म्हणाले, "आत्या, दरवर्षी त्योच ग्रंथ आसतो."

"आसू दे की. दरवर्षी ऐकला आसता."

मला रडूच फुटलं. त्यांनी सुपलीतल्या शेंगा माझ्या बाजूला सरकवल्या. मीही फोडायला लागले.

पौर्णिमेला आत्या पांढरं लुगडं नेसून आल्या. वंदना झाली, तसं आमच्या ह्यांनी दोन खुर्च्या पुढं आणून ठेवल्या. सतरंजीवरच्यांनी सरकून जागा करून दिली. मी बसले, ग्रंथ उघडला आणि बारा वर्षं वाचलेली पहिलीच ओळ दोनदा चुकले. सगळे वाट बघत होते.

शेजारच्या खुर्चीतून आत्या हळूच म्हणाल्या, "वाच सावकाश. मी आता कुठं जात न्हाय."