तुमच्या आत्याची सही

हे मी इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हा दोघांना सोपं गेलं असतं. पण इंग्रजीत मी आयुष्यभर अर्ज भरले, शाळेच्या ऑफिसात बसून हजेरीच्या नोंदी केल्या, बँकांना पत्रं लिहिली. हे त्यातलं एक व्हायला नको, म्हणून मराठीत लिहिते आहे. तुम्हाला वाचता येणार नाही. बाबा वाचून दाखवेल. त्यानंही वाचावं असं मला वाटतं, कारण यातली एक गोष्ट मी त्यालासुद्धा कधी सांगितलेली नाही.

दुबईला येण्याआधी आजोबा आणि मी इंग्लंडमध्ये होतो, बाबा तिथंच शाळेत गेला, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिथली पद्धत अशी की पगारातून सरकार दर आठवड्याला थोडे पैसे कापून घेतं, आणि अशी निदान दहा वर्षं भरली तर म्हातारपणी पेन्शन मिळते. नऊ भरली तर काहीच मिळत नाही. माझी नऊ भरली होती.

देश सोडून गेलेल्या माणसाला राहिलेली वर्षं स्वतः पैसे भरून पुरी करता येतात. जुन्या वर्षांसाठी मात्र मुदत होती आणि ती संपत आली होती. आजोबांना हे त्यांच्या जबल अलीच्या ऑफिसात कुणीतरी सांगितलं. इथं आजोबांचा व्हिसा नोकरीवर आणि माझा व्हिसा आजोबांवर. नोकरीचं हे शेवटचं वर्ष. त्यानंतर पुण्याला जायचं आणि जे काही गाठीशी असेल त्यावर राहायचं. म्हणून माझं दहावं वर्ष महत्त्वाचं होतं.

इंग्लंडच्या सरकारच्या साइटवर माझा हिशोब उघडला. दर वर्षाला एक ओळ. तिकडचं वर्ष सहा एप्रिलला सुरू होतं आणि पाच एप्रिलला संपतं. नऊ ओळींसमोर 'वर्ष पूर्ण' असं होतं. दहाव्या ओळीसमोर 'पूर्ण नाही', आणि खाली, तेरा आठवडे जमा.

त्या तेरा आठवड्यांचा हिशोब मला करावा लागला नाही. एप्रिलपासून तेरा आठवडे म्हणजे जुलैचा पहिला शुक्रवार. त्या दिवशी मी माझ्या टेबलाच्या किल्ल्या मोठ्या बाईंच्या हातात दिल्या आणि घरी आले. पुढचा मार्च संपता संपता तुमची आत्या गेली. ते वर्ष संपायला तेव्हा अकरा दिवस बाकी होते.

आजोबांनी नाश्ता करता करता कागदाच्या मागे आकडे मांडले.

"हेच वर्ष घे. तेरा आठवडे आधीच आहेत, उरलेले भरायचे. सहाशे पौंडांच्या आसपास. म्हणजे अठ्ठावीसशे दिरहम. म्हणजे पासष्ट हजार रुपये."

"दुबईतलं एखादं वर्ष घेऊ," मी म्हटलं.

"ते पूर्ण भरावं लागेल. चार हजार दिरहम. पंचाण्णव हजार. कशाला?"

"अहो, हे कोणतं वर्ष आहे ते बघितलंत का?"

"बघितलं," ते म्हणाले, आणि बूट घालायला उठले. पोह्यांची बशी अर्धी तशीच राहिली.

पैसे पाठवण्याआधी एक अठरा आकडी नंबर घ्यावा लागतो, आणि पैसे कोणत्या वर्षासाठी आहेत ते फोनवर सांगावं लागतं. इंग्लंडमध्ये ऑफिस उघडतं तेव्हा इथं दुपार झालेली असते. मी कागद नीट लावून बसले. फोन स्पीकरवर ठेवला आणि त्यातून एकच गाणं पुन्हा पुन्हा वाजायला लागलं. तेवढ्यात शेजारची आली. ती रत्नागिरीची. नवऱ्याचं शारजाला मसाल्यांचं दुकान आहे. अल बर्शाच्या या इमारतीत आमची दारं दहा वर्षं समोरासमोर आहेत. व्हिडिओ कॉलवर तुम्हाला खजूर दाखवून चिडवते तीच.

"या अल्ला! ताई, अजून गाणंच?"

"पस्तीस मिनिटं झाली."

"गव्हर्मेंट सगळीकडे सारखीच. आमच्या तहसीलदाराकडे निदान गाणं तरी लावत नाहीत. चहा टाकू?"

"टाक. साखर कमी."

"साखर कमी, दूध कमी, मग चहा कशाला म्हणायचं त्याला?" असं म्हणत ती स्वयंपाकघरात गेली आणि तेवढ्यात फोन उचलला गेला.

पलीकडची बाई आवाजावरून तरुण वाटली. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या बायका बोलतात तशी ती प्रत्येक वाक्याला मला 'लव्ह' म्हणत होती. तिनं माझा हिशोब उघडला आणि म्हणाली, हे अपुरं वर्ष सर्वांत स्वस्त पडेल. मग तिनं विचारलं, "या जुलैपासून तुम्ही काय करत होतात? नोकरी? शिक्षण? कुणाची काळजी घेत होतात का?"

मी म्हटलं, "माझ्या मुलीची. ती आजारी होती. वीस वर्षांची होती."

"मग त्या वेळी काळजी घेण्याचा भत्ता मागितला नव्हतात का? तो घेतला असता तर हे वर्ष आपोआप भरलं गेलं असतं, लव्ह. फुकट."

"नाही मागितला."

"आता त्याची मुदत गेली. फार वाईट वाटतं. पैसे भरूनच ते घ्यावं लागेल. घ्यायचं का हेच?"

मी म्हटलं, विचार करून पुन्हा फोन करते. पस्तीस मिनिटं थांबून मिळालेला फोन मी ठेवून दिला.

शेजारची दारात उभी होती. हातात दोन कप.

"ताई, मुलगी?"

मी कागद गोळा करायला लागले.

"तुम्हाला तर एकच मुलगा ना? कॅनडावाला?"

तिची चूक नव्हती. तिला मीच तसं सांगितलं होतं. दुबईत आल्यावर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारलं, मुलं किती. मी खरं सांगितलं. त्या बाईंचा चेहरा पडला, आणि मग मलाच त्यांची समजूत काढत बसावं लागलं. दुसऱ्या वेळी मी म्हटलं, एक मुलगा. ते सोपं गेलं. तेव्हापासून तेच. भिशीच्या बायकांना तेच, दवाखान्याच्या फॉर्मवर तेच. तुम्ही लहान असताना कपाटातल्या फोटोकडे बोट दाखवून विचारलंत, तेव्हा मी 'बाबाची बहीण' म्हटलं आणि तुम्हाला आइस्क्रीम दिलं.

शेजारणीनं कप खाली ठेवले. मग तिनं विचारलं, "नाव काय तिचं?"

मी सांगितलं. या घरात ते नाव मी पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारलं. शेजारणीनं ते हळूच परत म्हणून बघितलं, बरोबर म्हटलं का ते तपासावं तसं. चहा निवून गेला.

आता तो भत्ता मी का घेतला नाही ते सांगते. अर्ज आला नव्हता असं नाही. हॉस्पिटलमधली एक बाई तो घरी घेऊन आली होती. आजारी माणसाचं घरी कुणी करत असेल तर ते करणाऱ्याला तिथलं सरकार दर आठवड्याला थोडे पैसे देतं. मी तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला, कारण मी सगळंच वाचते, आणि टेबलावर पालथा ठेवला.

आत्या पुढच्या खोलीत सोफ्यावर झोपायची. जिने चढणं तिला होत नसे. ती म्हणाली, "आई, तो फॉर्म भर ना."

"आईनं लेकीचं करायचे पैसे घ्यायचे? आपल्यात असं नसतं."

"पैशांसाठी नाही गं. भरलास तर ते तुझं काम होईल. ऑफिशियल. मग मला दर वेळी सॉरी म्हणावं लागणार नाही."

ती दर वेळी सॉरी म्हणायची. उलटी झाली की सॉरी, चादर बदलायची वेळ आली की सॉरी, मी ताटावरून उठून आले की सॉरी. मी तिला म्हटलं, "तू सॉरी म्हणायचंच नाही. आईला कुणी सॉरी म्हणतं का?" मला वाटलं, मी फार मोठं बोलले. मायेचं बोलले.

चार दिवसांनी तिनं तो अर्ज माझ्यापुढे धरला. त्यात शेवटी एक जागा असते, ज्याचं करायचं त्या माणसाच्या सहीची. ही माझं करते, असं त्यानं लिहून द्यायचं. तिनं सही केलेली होती. हात थरथरत असल्यामुळे ती सही चौकटीबाहेर गेली होती.

"आई, प्लीज. जस्ट साइन इट."

मी अर्ज घेतला, घडी न मोडता प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि निळ्या फायलीत लावून टाकला. म्हटलं, "बरी झालीस की बघू." ती पुन्हा बोलली नाही. सॉरी मात्र म्हणत राहिली. मार्चपर्यंत म्हणत राहिली. शेवटच्या आठवड्यात आवाज नव्हता, तेव्हा नुसते ओठ हलायचे, आणि मला कळायचं कोणता शब्द आहे तो.

मी शिकलेली बाई. दुसऱ्यांचे अर्ज भरून देणारी. त्या अर्जात तिला काय हवं होतं ते मला वाचता आलं नाही. तिला माझ्याकडून एवढंच हवं होतं की तिच्यामुळे माझं काही गेलं असं तिला वाटू नये. एका सहीचं काम होतं.

त्या दिवशी आजोबा जबल अलीहून ट्रॅफिकमधून थकून आले. मी सांगितलं की वर्ष ठरवलं नाही, फोन ठेवला.

"का?"

"ते वर्ष विकत घ्यायचं नाही मला. दुसरं कोणतंही घेऊ. पंचाण्णव हजार जाऊ देत."

त्यांनी डबा सिंकमध्ये ठेवला आणि नळ सोडून तो घासायला लागले. ते एरवी कधी घासत नाहीत.

"अर्ज अजून आहे ना निळ्या फायलीत?"

मला वाटत होतं, त्यांना त्या अर्जाचं काही माहीत नाही.

"पेन माझं होतं," ते म्हणाले. "तिनं मागितलं. म्हणाली, बाबा, आईला सांगू नका, मीच विचारते. मी तिच्या पाठीमागे उशी लावली, मग तिनं सही केली."

"मग तुम्ही मला का नाही म्हणालात, कर म्हणून?"

"मलाही वाटलं, तुझं बरोबर आहे. आपण कशाला घ्यायचे." नळ वाहतच होता. "अगं, तिनं ते वर्ष तुझ्या नावावर लागावं म्हणून सही केली होती. आता दुसरं कुठलं तरी घेऊन ते मोकळंच ठेवणार आहेस का?"

मी नळ बंद केला. इतक्या वर्षांत आम्ही दोघं तिच्याबद्दल एवढं सलग कधी बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा फोन केला. या वेळी पन्नास मिनिटं लागली. शेजारची न बोलावता आली आणि माझ्या शेजारी बसून राहिली. फोन एका पुरुषानं उचलला. मी म्हटलं, तेच वर्ष. त्यानं अठरा आकडे सांगितले, मी लिहून घेतले, परत वाचून दाखवले. मग मी त्याला विचारलं, त्या वर्षी मी काय करत होते याची नोंद तुमच्याकडे कुठं करता येईल का? नुसती एक ओळ. तो मुलगा चांगला होता. त्यानं खरंच शोधलं, मला की-बोर्डचा आवाज ऐकू येत होता. म्हणाला, माफ करा, अशी जागा नाहीये.

शेजारची फोनकडे बघून मराठीतच म्हणाली, "मग करा की एक!" त्याला अर्थातच काही कळलं नाही.

पैसे बँकेतून गेले. काही आठवड्यांनी मी हिशोब उघडून बघितला. दहाव्या ओळीसमोर आता 'वर्ष पूर्ण' आहे, आणि खाली लिहिलं आहे की उरलेले आठवडे मी स्वेच्छेनं पैसे भरून पुरे केले. ते खरं आहे. पण त्या आठवड्यांत मी तुमच्या आत्याचं करत होते, तेही खरं आहे, आणि ते तिथं नाही. त्यांच्याकडे जागा नाही म्हणून इथं लिहून ठेवलं. पेन्शन सुरू होईल. छोटीशी असेल, पण दर महिन्याला येईल, आणि दर महिन्याला मला ते ओठ आठवतील. याला काही उपाय नाही, आणि असावा असं मला वाटतही नाही.

अर्जावर माझी सही अजून नाही. आता करणारही नाही. ज्या दिवशी ती करायची होती तो दिवस गेला.

शेवटच्या पानाची झेरॉक्स सोबत ठेवली आहे. सही निळ्या पेनानं केलेली आहे, झेरॉक्समध्ये काळी आली. तिच्यावरून नाव लागत नाही, हात फार हलत होता. नाव मी इथं लिहिलेलं नाही. ते बाबाला विचारा. तो थोडा वेळ थांबेल. घाई करू नका, थांबू द्या. मग त्यानं सांगितल्यावर तुम्ही दोघंही ते मोठ्यानं म्हणून बघा.